तुझं काम आधी कागदावर आण

«ताई, साडेचार वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून इंग्लंडला आलो. नवरा आयटीत आहे आणि मी त्याच्या व्हिसावर डिपेंडंट. गेली तीन वर्षं स्लाऊमधल्या एका प्राथमिक शाळेत टीए, म्हणजे वर्गशिक्षिकेची मदतनीस (टीचिंग असिस्टंट), आहे, त्याआधी एक वर्ष जवळच्याच दुसऱ्या शाळेत होते. सध्या इयर टूचा, म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलांचा, वर्ग आहे. वर्गात एक ऑटिझम असलेला मुलगा आहे, सकाळभर मी त्याच्यासोबत असते. मागच्या आठवड्यात हेडबाईंनी सगळ्या टीएंना स्टाफरूममध्ये बोलावलं आणि एकेक पत्र दिलं. बजेटमध्ये तूट आहे, अकरा टीएंच्या सात करायच्या आहेत, त्यावर ‘कन्सल्टेशन’, म्हणजे कर्मचाऱ्यांशी सल्लामसलत, सुरू होतंय. सांगताना हेडबाईंचाच आवाज बसला होता. वर्गशिक्षिका म्हणतात, आम्ही तुमच्या बाजूने आहोत, पण हळू आवाजात म्हणतात. नवरा म्हणतो, आपण व्हिसावर आहोत, उगाच कुणाच्या डोळ्यांवर येऊ नकोस, दुसरी नोकरी बघ. गेटवर पालक विचारतात, काय चाललंय? मी मान हलवून आत जाते. माझे दोनच प्रश्न आहेत. आवाज उठवायचा मला हक्क आहे का? आणि उठवला, तर तो मुलांसाठी असेल की माझ्याच पगारासाठी?
— शलाका (नाव बदललं आहे)»

शलाका,

आधी व्हिसाचं बोलू, कारण ती भीती मनात असेपर्यंत बाकीचं काही ऐकू येणार नाही. तू डिपेंडंट आहेस. तुझा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला आहे, तुझ्या नोकरीला नाही. शाळेने उद्या तुला कमी केलं तरी तुमच्या इथे राहण्यावर त्याचा परिणाम होत नाही. युनियनचं सभासद होणं, तिच्या बैठकीला जाणं, कन्सल्टेशनमध्ये लेखी म्हणणं मांडणं हे सगळं तुला करता येतं. सभासद आहे म्हणून किंवा युनियनचं काम करते म्हणून कर्मचाऱ्याला त्रास देणं, कामावरून काढणं १९९२ च्या कामगार संघटना कायद्याने बेकायदा ठरवलं आहे. त्यात ब्रिटिश नागरिक आणि व्हिसावरचा माणूस असा भेद नाही. तुमच्या व्हिसावर ‘पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी मदतीचे भत्ते, घेता येणार नाहीत अशी अट असेल. रिडंडन्सीचे, म्हणजे जागा कमी झाल्यावर मिळणारे, पैसे त्यात येत नाहीत, ते तुझ्या कामाचे पैसे आहेत. हा परिच्छेद नवऱ्याला वाचून दाखव.

आणि त्याच्यावर चिडू नकोस. घरातल्या सगळ्यांचा इथला मुक्काम एका कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर टांगलेला असला की माणूस रस्त्याच्या कडेकडेनेच चालतो. पण ‘बाहेरून आलेल्या बायकांनी असल्या भानगडीत पडू नये’ हे इथे खरं ठरलेलं नाही. १९७६ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या विल्सडेन भागात ग्रनविक या फोटो धुणाऱ्या कारखान्यातून जयाबेन देसाई नावाची गुजराती बाई काम सोडून बाहेर पडली आणि पाठोपाठ साड्या नेसलेल्या कितीतरी आशियाई बायका गेटवर उभ्या राहिल्या. जवळजवळ दोन वर्षं तो संप चालला. युनियनला मान्यता द्या ही त्यांची मागणी पुरी झाली नाही, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण आशियाई बायका गप्प बसून राबतात हा इथला समज त्यानंतर पहिल्यासारखा राहिला नाही, आणि इथल्या युनियनना आपल्यासारख्यांकडे बघायला भाग पडलं. तुला कुणी दोन वर्षं पावसात उभी राहा म्हणत नाहीये. तुला चार-सहा आठवडे नीट काम करायचं आहे.

आता दुसरा प्रश्न, मुलांसाठी की पगारासाठी. त्याचं उत्तर मला टेबलाच्या दुसऱ्या बाजूने मिळालंय आणि ते सांगताना मला आजही बरं वाटत नाही.

माझा मुलगा प्राथमिक शाळेत असताना मी चार वर्षं पेरेंट गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या नियामक मंडळावर पालकांची प्रतिनिधी, होते. फायनान्स कमिटीची बैठक संध्याकाळी शाळेच्या लायब्ररीत व्हायची, मुलांच्याच बुटक्या खुर्च्यांवर. गुडघे टेबलाला लागायचे. समोर एक तक्ता. कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) शाळांच्या हिशेबात खर्चाला ठरलेले क्रमांक असतात: ई-०१ म्हणजे शिक्षक, ई-०२ म्हणजे बदली शिक्षक, ई-०३ म्हणजे ‘एज्युकेशन सपोर्ट स्टाफ’. शाळेतल्या बारा बायका त्या ई-०३ च्या एका ओळीत होत्या. ती ओळ थोडी आखूड केली की तळाचा लाल आकडा काळा होत होता. वीसेक मिनिटं चर्चा झाली. मी प्रश्न विचारले, ते सगळे आकड्यांवरचे. मग हात वर केला. तीन जागा गेल्या.

त्या तिघींपैकी एक बाई सोळा वर्षं त्या शाळेत होत्या. सप्टेंबरात शाळा सुरू झाली आणि रिसेप्शनमधून, म्हणजे शाळेच्या सर्वांत लहान वर्गातून, वर गेलेली एक मुलगी दुपारी डबा उघडेनाशी झाली. तीन आठवडे रोज उपाशी घरी जायची. शिक्षिकेला कळेना, आईला कळेना. शेवटी एकदा टेस्कोच्या दुकानात त्या बाई दिसल्या तेव्हा आईने त्यांना गाठलं. त्या म्हणाल्या, अहो, डिनर हॉलच्या गलक्याने तिच्या पोटात गोळा येतो, म्हणून मी तिला सगळ्यांच्या पाच मिनिटं आधी नेऊन भिंतीकडच्या टेबलावर बसवायचे. एवढंच. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या कामाच्या वर्णनात ‘वर्गशिक्षकास साहाय्य करणे’ असं होतं, आणि माझ्यासमोरच्या तक्त्यात तर तेवढंही नव्हतं. नोव्हेंबरपर्यंत तीनातल्या दोन जागा शाळेला एजन्सीकडून भराव्या लागल्या, आणि एजन्सीचं कमिशन धरून त्या महाग पडल्या.

त्या वर्षी कन्सल्टेशनच्या काळात आम्हा गव्हर्नरांना टीएंकडून एकही पत्र आलं नाही. एकही नाही. मागाहून त्यांच्यातल्याच एकीला मी विचारलं, तर म्हणाली, स्वतःच्या नोकरीसाठी बोलणं बरं दिसलं नसतं. तुझ्या पत्रातला तोच प्रश्न, शलाका. बारा चांगल्या बायका भिडेपोटी गप्प बसल्या आणि ती मुलगी तीन आठवडे उपाशी राहिली.

म्हणून मी तुला सांगते, पगारासाठी बोल आणि मुलांसाठीही बोल. त्या दोन गोष्टी वेगळ्या करायचा प्रयत्न करूच नकोस. टीएचा पगार ‘टर्म-टाइम ओन्ली’ असतो, सुट्टीतले बहुतेक आठवडे वजा करून उरलेली रक्कम बारा महिन्यांत वाटलेली. त्या पैशात कुणी श्रीमंत होत नाही. तू रोज सकाळी तिथे असतेस याचं कारण तो पगार आहे, आणि तू रोज तिथे असतेस म्हणून तो मुलगा वर्गात टिकतो.

आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात, केलेल्या कामाचा गवगवा करू नये. साताऱ्याच्या आमच्या शाळेत एक शिपाई मामा होते. घंटा, पाणी, खडू ही त्यांची नेमून दिलेली कामं. पण मुलींच्या पाळीच्या दिवशी बाईंना हळूच निरोप देणं, पावसात ओढा वाढला की पलीकडच्या वस्तीतल्या पोरांना हात धरून उतरवणं, हे सगळं तेच करायचे. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये शासन निर्णय काढून अनुदानित शाळांमधली शिपायांची नवी भरती बंद केली आणि त्याऐवजी शाळांना शिपाई भत्ता ठरवला, ग्रामीण भागात महिना ५ हजार रुपये. ती बातमी वाचताना मला आधी मामांचा ओढ्यातला हात आठवला. घंटा आणि पाण्याचा हिशेब भत्त्यात बसला असेल. ओढ्याचा कसा बसणार? तो कुणी लिहूनच ठेवला नव्हता.

कात्री आधी टीएंवरच का चालते, हेही समजून घे, म्हणजे हेडबाईंवरचा राग थोडा निवळेल. शाळेच्या पैशातला फार मोठा हिस्सा पगारात जातो. इंग्लंडमध्ये पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात एका शिक्षकामागे ३० पेक्षा जास्त मुलं घेता येत नाहीत, १९९८ च्या कायद्याने. त्यामुळे शिक्षक कमी करणं सोपं नाही. टीए मात्र वर्गात किती असाव्यात याला कायद्यात आकडा नाही. जिथे आकडा नाही तिथे कात्री पटकन बसते. शिवाय शाळेला पैसे मिळतात मुलांच्या संख्येवर, आणि बऱ्याच भागांत, विशेषतः लंडनमध्ये, जन्मच कमी झाल्याने वर्ग पूर्ण भरत नाहीत. तीसऐवजी चोवीस मुलं आली तरी शिक्षक एकच लागतो, हीटिंग तेवढंच लागतं, पण सहा मुलांचे पैसे गेलेले असतात. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २००९-१० ते २०१९-२० या दहा वर्षांत इंग्लंडमधल्या शाळांवरचा दर मुलामागचा खर्च, महागाई धरून, सुमारे ९ टक्क्यांनी घटला होता. नंतर पैसे आले, पण पगारवाढ, वीज आणि विशेष गरजांच्या मुलांची वाढलेली संख्या त्याच्या पुढे धावत राहिली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी तुझ्या हेडबाईंची स्थिती आहे.

तर मग करायचं काय? सोमवारपासून एक वही सुरू कर.

तू मला लिहिलंयस, ‘सकाळभर मी त्याच्यासोबत असते.’ या चार शब्दांवर कुणीही तुझी नोकरी कापेल. त्या सकाळभरात काय होतं ते लिही, वेळेसकट. ८.४० ला त्याला इतर मुलांच्या मागून आत आणलं, कारण कोटांच्या खुंट्यांपाशी गर्दी असली तर तो जमिनीवर बसून कान दाबतो. ८.५० ला ‘आता’ आणि ‘नंतर’ अशी दोन चित्रं वेल्क्रोच्या पाटीवर लावली. ९.१० ला फोनिक्सच्या, म्हणजे अक्षरांचे आवाज शिकायच्या, वेळी त्याच्या कानावर आवाज अडवणारे हेडफोन चढवले आणि त्याच वेळी टेबलावरच्या आणखी तिघांना ‘आय-जी-एच’ वाचायला लावलं. ९.४० ला स्पीच थेरपिस्टने दिलेला दहा मिनिटांचा सराव. १०.१५ ला दुसऱ्याच मुलीचा अस्थमाचा पंप. १०.३० ला नाशिकहून महिन्याभरापूर्वी आलेल्या मुलाला मराठीत विचारलं की रडतोस का, आणि कळलं की त्याला टॉयलेटला जायचं कसं विचारायचं तेच माहीत नव्हतं. माझी खात्री आहे, यातलं निम्मं तरी तू रोज करतेस आणि ते काम आहे असं तुला वाटतही नाही.

दोन आठवडे लिही. बाकीच्या दहाजणींनाही लिहायला लाव. एक नियम मात्र काटेकोर पाळ: मुलाचं नाव नाही, आद्याक्षर नाही, फोटो तर नाहीच. ‘इयर टूमधलं एक मूल’ एवढं पुरे. वही तुमच्या कामाची आहे, मुलांची नाही. मग दोघीतिघी एकत्र बसून तिची दोन पानं करा: चार जागा गेल्या तर आठवड्यातले किती तास जातील, त्यातले प्रथमोपचाराचे किती, स्वच्छतेत मदत लागणाऱ्या मुलांचे किती, थेरपीच्या सरावाचे किती, आणि ते तास उद्यापासून नेमके कुणी भरायचे? हा शेवटचा प्रश्न ठळक लिहा. गव्हर्नरांना याचं उत्तर द्यावं लागलं की बैठक वीस मिनिटांत आटपत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

त्या मुलाचं एक स्वतंत्रपणे बघ. त्याला ईएचसी प्लॅन, म्हणजे विशेष गरजांच्या मुलासाठी कौन्सिलने केलेला मदतीचा आराखडा, असेल, तर त्याच्या ‘सेक्शन एफ’मध्ये त्याला कोणती मदत मिळायची ते लिहिलेलं असतं. तिथे तास नेमके लिहिले असतील तर ते पुरवायची कायदेशीर जबाबदारी कौन्सिलवर आहे, २०१४ च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज कायद्याच्या कलम ४२ खाली. शाळेकडे पैसे नाहीत हे कारण तिथे चालत नाही. प्लॅनमधल्या मदतीपैकी पहिल्या ६ हजार पौंडांपर्यंतचा खर्च साधारणपणे शाळेने आपल्या बजेटमधून करायचा असतो, त्यावरचं कौन्सिलकडे मागायचं. चारजणी कमी करताना किती प्लॅनमधले तास उघडे पडतात, हा प्रश्न सेंकोला, म्हणजे शाळेत विशेष गरजांच्या मुलांचं बघणाऱ्या शिक्षिकेला, लेखी विचारा. कित्येकदा हा हिशेब कुणी मांडलेलाच नसतो आणि मांडला की चाराचे दोन होतात.

युनियनचं आजच कर. युनिसन, जीएमबी, युनाइट यांत टीए सभासद होतात, शिक्षकांची एनईयूसुद्धा सपोर्ट स्टाफला घेते. तुमच्या शाळेत कुठली आहे ते विचार, नाहीतर निदान पाच-सहाजणी एकाच युनियनमध्ये जा, प्रत्येकीची वेगळी चूल मांडू नका. पत्र हातात पडल्यावर सभासद झालीस तर वैयक्तिक वकिली मदतीला अडचण येऊ शकते, पण कन्सल्टेशनच्या बैठकीत प्रतिनिधी तुमच्या बाजूला बसू शकतो आणि तेच आत्ता हवं आहे. सामूहिक कन्सल्टेशन निदान ३० दिवसांचं हवं हा नियम एकाच ठिकाणच्या २० किंवा जास्त जागा जाणार असतील तेव्हाचा, तुमच्या चार जागांना तो लागत नाही. म्हणून शाळेचं स्वतःचं रिडंडन्सी धोरण मागून घ्या, मुदत त्यात लिहिलेली असेल. बैठकीत विचारायचं ते असं: शिल्लक गंगाजळी किती आहे? या वर्षी आपणहून सोडून किंवा निवृत्त होऊन कोण जाणार आहे? तास कमी करून घ्यायला कुणी राजी आहे का, हे विचारलं का? अकरांतून सात निवडायचे निकष कोणते? आणि विकलांग मुलांवर काय परिणाम होईल, याचा समानता कायद्याप्रमाणे विचार केल्याचा कागद कुठे आहे? तुमची शाळा कौन्सिलची की अकॅडमी ट्रस्टची (सरकारी पैशावर, पण कौन्सिलबाहेर चालणारी) हे तू लिहिलेलं नाहीस. ट्रस्टची असेल तर तिचे वार्षिक हिशेब वेबसाइटवर असतात. कौन्सिलची असेल तर गव्हर्नरांच्या बैठकीची इतिवृत्तं मागता येतात.

आता गेटवरचे पालक. इथे पाऊल जपून टाक. तू शाळेची कर्मचारी आहेस. हातात दिलेलं पत्र गोपनीय असेल तर ते दाखवू नकोस, आणि मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर एक ओळही टाकू नकोस. रात्री रागाने लिहिलेली ओळ सकाळी हेडबाईंच्या टेबलावर असते. पण मान हलवून आत जाणंही सोड. एवढं म्हण: ‘टीएंच्या जागांवर कन्सल्टेशन चालू आहे, तुम्हाला काळजी वाटत असेल तर गव्हर्नरांच्या चेअरना पत्र लिहा.’ हे आधी युनियनच्या प्रतिनिधीला विचारून घे, शक्यतो पालकांसाठीचं पत्रक त्यांच्याच नावाने निघू दे. पुढचं पालक करतील, त्यांच्यावर तुझ्यासारखं बंधन नाही. ईएचसी प्लॅन असलेल्या मुलांच्या आयांना सांग की प्रत्येक कौन्सिलच्या भागात ‘सेंडियास’ ही फुकट सल्ला सेवा असते.

पालकांची पत्रं एकाच मसुद्याची नकोत. छापील मसुद्यावर पन्नास सह्या आल्या की गव्हर्नर एकच पत्र वाचतात. ‘माझी मुलगी डबा उघडत नव्हती’ असं एकच पत्र त्या वर्षी आलं असतं, तर मी हात वर केला नसता. पंजाबीत, उर्दूत, मराठीत विचार करणाऱ्या आयांना इंग्रजीची लाज वाटते, त्यांच्याजवळ बसून चार ओळी लिहून द्यायला दुसऱ्या पालकांना सांग. मोडकं इंग्रजी चालतं. खासदाराच्या ‘सर्जरी’ला, म्हणजे मतदारांना भेटायच्या वेळेला, दोघीतिघी पालक वेळ घेऊन जाऊ देत, वॉर्डच्या कौन्सिलरलाही भेटू देत. प्रत्येक कौन्सिलचा एक ‘स्कूल्स फोरम’ असतो, शाळांचे पैसे कसे वाटायचे यावर तिथे चर्चा होते, आणि त्या बैठका लोकांसाठी खुल्या असतात. तिथे मागच्या रांगेत नुसतं जाऊन बसलेले सहा पालकसुद्धा नजरेत भरतात.

मुलांना मात्र यात ओढू नका. फलक रंगवायला लावणं, ‘आमच्या मिसला काढू नका’ असं गेटवर म्हणायला लावणं, नको. लहान मुलांना शाळेत राजकीय बाजूच्या कामात गुंतवायला १९९६ च्या शिक्षण कायद्यानेच मनाई आहे. आणि कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. सात वर्षांच्या मुलाला आपली मिस जाणार ही काळजी आपण का द्यायची?

हेडबाईंना विरोधी पक्षात बसवू नकोस. सप्टेंबर २०१८ मध्ये इंग्लंडभरातून हजाराहून जास्त मुख्याध्यापक शाळा एका दिवसापुरती सोडून लंडनला आले आणि शाळांचे पैसे वाढवा म्हणून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेले. कोट-टाय घातलेली, कधी घोषणा न दिलेली माणसं ती. त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ च्या निवडणुकीत, पालक आणि युनियन मिळून दारोदार शाळांच्या बजेटचं बोलत होते. निवडणूक झाल्यावर जुलैत सरकारने दोन वर्षांसाठी १.३ अब्ज पौंड जादा जाहीर केले. पुरेसे नव्हते, पण लोक बोलल्यावर सरकारला काहीतरी द्यावं लागलं होतं. म्हणून हेडबाईंना भेट आणि विचार, पालकांनी कौन्सिलला आणि खासदाराला काय लिहिलं तर तुम्हाला मदत होईल? त्यांच्या हातात तुमची दोन पानं पडली, तर कौन्सिलसमोर भांडायला त्यांनाही शस्त्र मिळेल.

एक वार आधीच सांगून ठेवते, कारण तो येईलच. थोडंफार वाचन केलेला कुणीतरी गव्हर्नर म्हणेल, ‘टीएमुळे मुलांची प्रगती होत नाही असं संशोधन आहे.’ गडबडून जाऊ नकोस. तो ‘डिस’ नावाच्या अभ्यासाबद्दल बोलत असेल. २००३ ते २००८ या काळात लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनच्या पुढाकाराने तो झाला, पीटर ब्लॅचफर्ड त्याचे प्रमुख. ज्या मुलांना टीएची सर्वाधिक मदत मिळत होती त्यांची प्रगती कमी दिसली, हे त्यात आहे. पण त्याच संशोधकांनी कारणही दिलं: दोष टीएंचा नाही, त्यांना ज्या पद्धतीने वापरलं जातं तिचा आहे. सगळ्यात अवघड मुलं प्रशिक्षण न देता टीएच्या हवाली करायची, शिक्षिकेशी बोलायला तिला दहा मिनिटंही द्यायची नाहीत, आणि मग मुलं मागे राहिली म्हणायचं. एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशन ही संस्था शाळांसाठी पुरावे तपासते. ठरवून, प्रशिक्षण घेऊन, छोट्या गटाला नेमका सराव देणाऱ्या टीएंमुळे मुलं सरासरी चार महिन्यांनी पुढे जातात, असं तिचं म्हणणं आहे. तेव्हा त्या गव्हर्नरला सांग, तुमचं संशोधन आम्हाला मान्य आहे, आम्हाला ते प्रशिक्षण आणि ती दहा मिनिटं द्या. मी गव्हर्नर असताना हे मला कुणी सांगितलं नाही. तेव्हा मीही तो अभ्यास अर्धाच ऐकला होता.

किती वाचेल? चारही जागा वाचतील असं मी म्हणणार नाही. जिथे बायका लिहून, एकत्र, वेळेत बोलल्या तिथे मी चाराच्या दोन झालेल्या पाहिल्यात, तास कमी होऊन सगळ्या राहिलेल्या पाहिल्यात, आणि काहीच न बदललेलंही पाहिलंय. दुसरी नोकरी बघायला नवरा सांगतो, तीही शोधत राहा. अर्ज करणं म्हणजे फितुरी नव्हे. नोटीस आली तर कामाच्या वेळेत नोकरी शोधायला सुट्टी मागायचाही तुला हक्क आहे. तू राहिलीस किंवा गेलीस, तरी वही सेंकोच्या कपाटात राहू दे. त्या मुलाला उद्या जी कुणी खुंट्यांपासून वर्गात आणेल, तिला ‘आता’ आणि ‘नंतर’च्या चित्रांचं आधी कळायला हवं.

वर्गशिक्षिका हळू आवाजात बाजूने बोलतात म्हणालीस. त्यांना मोठ्याने बोलायला लावू नकोस. फक्त एवढं माग: ‘ही टीए नसेल तर माझ्या वर्गात काय होईल’ यावर त्यांनी पाच ओळी लिहून सही करावी. लिहिणं त्यांना बोलण्यापेक्षा सोपं जाईल.

तुझी
ताई

ता. क. तुझ्या हिशेबासाठी. रिडंडन्सीचे किमान पैसे दोन वर्षं नोकरी झाली असेल तर मिळतात. २२ ते ४० वयातल्या प्रत्येक पूर्ण वर्षाला एक आठवड्याचा पगार, ४१ नंतरच्या वर्षाला दीड आठवड्याचा. आधीच्या शाळेतून या शाळेत येताना मध्ये खंड पडला नसेल आणि दोन्ही सरकारी पैशावरच्या शाळा असतील, तर ते एक वर्षही त्यात धरलं जातं. एचआरच्या कागदावर तीनच वर्षं लागली असतील, तर आधीच्या शाळेचं नेमणूकपत्र आणि शेवटची पे-स्लिप शोधून आत्ताच प्रतिनिधीकडे दे.